ताडोबाजवळ रिसॉर्टवर हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला आली आहे, झोप होत नाही, सारखं रडू येते, सोडून घरी जाऊ का?

एवढ्यात सोडू नको, आधी शिफ्ट बदलून माग, कारण अर्धं टेन्शन कामाचं नाही, तुटक झोपेचं असते. मी मोहर्ली साईडलाच सर्व्हिसमधे सुपरवायजर आहे, दर सीझनला ट्रेनी पोरंपोरी येतात अन् हेच बघून राहिलो: पहाटे चारला उठून सफारीवाल्यांचे ब्रेकफास्टचे डबे भरा, थर्मास लावा, दुपारचा ब्रेक स्टाफ रूममधे मोबाईल बघण्यात जाते, मग रात्री शेवटचा गेस्ट जेवून उठेपर्यंत उभंच. दुपारी तेवढं झोपत जा बाई, रील नंतर बघ. ताडोबा मंगळवारी बंद असते, गेस्ट कमी असतात, वीकली ऑफ तेव्हाचा माग, बहुतेक मिळते. शिफ्टचं बोलायचं असलं तं ब्रीफिंगमधे सगळ्यांसमोर नको, सर्व्हिस आटोपल्यावर एकट्यात बोल. लॉगबुक रोजच्या रोज भर, एकाच डिपार्टमेंटमधे अडकवून ठेवलं तं कॉलेजच्या सरांना दाखवायला तेच कामी येते. मन फारच भरून आलं तं टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. पण हे सगळं थकव्यापुरतं झालं, कोणी अंगचटीला येत असेल तं मात्र सहन करत थांबू नको, घरी अन् कॉलेजला लगेच सांग, कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनीपण धरल्या आहेत, रिसॉर्टच्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारी ऐकणारी कमिटी) तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.