थंडीचे तीन महिने किनाऱ्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं निफाडला राहतो, वय 70 आणि 66. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे फार गारठा पडतो. माझे गुडघे आखडतात, यांना थोडा दमा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी दापोलीत घर भाड्याने घ्यावं का?

उत्तर : दापोली तालुक्यात जरूर घ्या, दापोली गावात नको. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 250 मीटर उंचावर आहे. रात्री तिथली जमीन झपाट्याने निवते आणि जानेवारीत पारा कधी कधी 10 अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे थंडी चुकवायला निघालात आणि पुन्हा स्वेटर घालून बसलात. घाट उतरून दहा-पंधरा किलोमीटरवर कर्दे, मुरूड, हर्णै लागतात. तिथे समुद्राचं पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं, त्यामुळे पहाट बरीच सुसह्य असते. गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालाही हेच लागू आहे.

दम्याचा विचार मात्र घर ठरवण्याआधी करा, कारण तुमच्या बाबतीत तोच निर्णायक आहे. हे तीन महिने आंबा-काजूच्या मोहोराचे. तुडतुडे या किडीसाठी कलमांवर ठरावीक दिवसांनी औषधफवारणी होते आणि तिचा वास वाऱ्याबरोबर घरात येतो. म्हणून कलमांच्या बागेतलं किंवा बागेला लागून असलेलं घर नको. फेब्रुवारी सरताना भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, भाजावळ सुरू होते. पालापाचोळा आणि शेण जाळल्याचा धूर सकाळी खाली बसून राहतो. शेतजमिनीच्या कडेचं घर असेल, तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच परतीचं तिकीट काढलेलं बरं. नारळी-पोफळीच्या दाट वाडीतलं घर फोटोत देखणं दिसतं, पण ते दमट असतं. पावसाळाभर बंद राहिलेल्या घराच्या भिंतींना आणि गाद्यांना बुरशीचा वास येतो. जाण्याआधी आठवडाभर गाद्या-उशा उन्हात घालायला आणि खिडक्या उघड्या ठेवायला मालकांना सांगा. त्यानंतरही कपाट उघडल्यावर कुबट वास आला, तर ते घर तुमचं नाही.

प्रश्न : घर पाहायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

उत्तर : सगळ्यात आधी पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोडं पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वाडीला पंपाने भरपूर उपसा झाला की खारं पाणी वर चढतं. म्हणून नोव्हेंबरात गोड लागलेलं पाणी फेब्रुवारीत मचूळ होऊ शकतं. घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा: ‘शिमग्याला तुमच्या विहिरीचं पाणी कसं असतं?’ साबणाला फेस न येणं आणि डाळ न शिजणं ही ओळखीची लक्षणं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर असेल तर आणखी चांगलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून मीठ जात नाही. रक्तदाब असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळं पाणी घ्या.

दुसरं, ऊन. आपल्या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला, म्हणून समुद्राकडे तोंड असलेली खोली दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत तापते. वर स्लॅब असेल तर ती रात्री उशिरापर्यंत उकडते. कौलारू घर लवकर निवतं. झोपायची खोली पूर्वेची घ्या आणि समुद्र पडवीतून पाहा. सकाळचं ऊन अंगणात येतं का, तेही बघा. गुडघ्यांना त्याचाच जास्त उपयोग.

न्हाणीघराची पायरी, कमोड आणि रात्री शौचालयाला अंगणातून जावं लागतं का, एवढं स्वतः चालून बघा. फोनवर ‘सगळं आहे’ असंच सांगतात.

प्रश्न : तीन महिन्यांसाठी करार लागतो का?

उत्तर : हो. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करारात एक ओळ हट्टाने घाला: 24 डिसेंबर ते 2 जानेवारी खोली दुसऱ्याला दिली जाणार नाही आणि भाडं वाढणार नाही. वाद होतो तो याच आठवड्यात. विजेचं बिल कोणाकडे आणि पाण्याचा टँकर लागला तर पैसे कोणाचे, हेही लिहा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मालवण-वेंगुर्ल्याला कुडाळ, गुहागरला चिपळूण आणि दापोलीला खेड सोयीचं. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन निघा.

प्रश्न : इन्शुलिन कसं सांभाळायचं?

उत्तर : इन्शुलिनची न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं. चालू पेन बहुधा 30 अंशांखाली चार आठवडे चालतं. आपल्या वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचा. किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी पारा 31-32 वर जातो, म्हणून पेन खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. दुपारभर वीज गेली तर फ्रिज उघडू नका. माठाजवळ ठेवण्याचा उपाय निफाडच्या कोरड्या हवेत चालतो, दमट हवेत माठ तितका गार होत नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर घाम येणाऱ्या हवेत चक्कर येऊ शकते. निघण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला, स्वतः बदलू नका.

प्रश्न : पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, चालायला चांगली वेळ कोणती?

उत्तर : ओहोटीच्या आगेमागे दीड-दोन तास. तेव्हा ओली वाळू घट्ट आणि सपाट असते. भरतीला उरते ती उतरती आणि भुसभुशीत पट्टी. तिच्यावर एका गुडघ्यावर जास्त भार येतो. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पंचमीपर्यंत सकाळी छान चालता येतं. अष्टमी-नवमीला सकाळी पुळण सोडून गावातल्या रस्त्याने फिरा. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती या हिशोबापेक्षा थोडी आधी येते. खाडीच्या मुखाशी मात्र कोणत्याही तिथीला पाण्यात उतरू नका, ओहोटीची ओढ तिथे फार असते.