इंग्रजी साहित्यातला रोमँटिक कालखंड १७९८ पासूनच का मोजतात?

कारण त्या वर्षी वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निघाला, तोही कवींच्या नावाशिवाय. पहिलीच कविता म्हाताऱ्या खलाशाची, शेवटची टिंटर्न ॲबी या जुन्या मठाच्या वरच्या अंगाला नदीकाठी सुचलेली. पण माझ्या मते खरी ठिणगी पडली ती १८०० च्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेने. कवितेला वेगळी नटवी भाषा कशाला, माणसं खरोखर बोलतात तीच घ्या, असं वर्डस्वर्थने तिथे ठामपणे मांडलं. परीक्षेत १७९८ लिहा, पण कवी विल्यम ब्लेकला विसरू नका. त्याची ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ १७८९ चीच आहेत. आणि हो, ही मंडळी स्वतःला ‘रोमँटिक’ म्हणवत नव्हती, ते नाव त्यांना नंतर चिकटलं. शेवट काहीजण १८३२ धरतात, काहीजण व्हिक्टोरिया गादीवर आली ते १८३७.