गच्चीचं वॉटरप्रूफिंग करूनही पहिल्याच पावसात हॉल गळतोय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आधी बाकी ४०,००० द्या मग बघतो. लेखी करार नाही. काय करावं?

बाकीचे पैसे आत्ता देऊ नका, पण 'देणारच नाही' असंही कुठे बोलू किंवा लिहू नका. व्हॉट्सॲपवर त्याला सरळ लिहा की अमुक तारखेच्या पावसात हॉलच्या स्लॅबला इथे इथे ओल आली, फोटो सोबत टाका, आणि गळती थांबून पाण्याची टेस्ट (गच्चीवर पाणी साठवून बघायची, पुढे सांगितलीय) पास झाली की ४०,००० त्याच दिवशी देतो म्हणा. हे लेखी नसेल तर उद्या तोच म्हणणार की काम चोख झालं होतं, मालकाने पैसे बुडवले.

मी साताऱ्याकडे बंगले, रो हाऊसच्या दुरुस्तीवर सुपरव्हिजन करतो आणि दर पावसाळ्यात हेच भांडण बघतो. मालक म्हणतो काम बोगस, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाणी माझ्या कोब्यातून (गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी घातलेल्या थरातून) नाही, तुमच्या पाईपातून नाहीतर पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या तड्यातून येतंय. आणि कधीकधी त्याचं खरंही असतं! म्हणून पैशाच्या आधी पाण्याचा सोक्षमोक्ष लावा.

पाऊस चार-पाच दिवस थांबला तरी ओल वाढतच असेल तर पाईपावर संशय घ्या, टाकीचा वॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून बघा. फक्त पावसानंतरच गळत असेल तर उघडीप मिळाली की कॉन्ट्रॅक्टरला समोर उभं करून पावसाळी पाईपांची तोंडं बंद करा, गच्चीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून स्लॅबचे फोटो, व्हिडिओ घेत राहा (स्लॅब जुनी असेल, सळ्या दिसत असतील तर आधी इंजिनिअरला विचारा). पॅरापेटवर वेगळा दिवस पाईपने पाणी मारा, म्हणजे कुठलं पाणी कुठून येतं ते गोंधळणार नाही. तो बोलावूनही आला नाही तर तेही मेसेजमध्ये राहू द्या.

अजून एक विचारा, कोबा घातल्यावर त्याने आळी (छोटे बांध) करून पाणी भरून ठेवलं होतं का? कोब्याला निदान सात दिवस तरी पाणी लागतं, आणि चांगला मिस्त्री त्यातच गळती तपासून घेतो. त्या आठवड्यातला कोरड्या गच्चीचा फोटो मोबाईलमध्ये सापडला तर तो फार कामाचा आहे.

लेखी करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. युपीआयच्या एंट्र्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कोटेशन, केमिकलची बिलं, हे सगळं चालतं. आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, वकील लागतोच असं नाही, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, केस टाकायची मुदत दोन वर्षं. पोलीस बहुतेक वेळा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात, तिथे चकरा मारण्यात पावसाळा घालवू नका.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. असे कॉन्ट्रॅक्टर कधीकधी गवंडी आणि बिगाऱ्यांना तुमच्या गेटवर पाठवतात, 'मालकाने दिले नाहीत म्हणून तुमची मजुरी नाही' असं सांगून. त्या लोकांवर ओरडू नका, त्यांचे पैसे खरंच अडकलेले असतात. कॉन्ट्रॅक्टरला मेसेज करा की यांची मजुरी मी थेट देतो, बाकीतून वजा धर, त्याचा होकार आला की द्या आणि सही घ्या.

आणि घाईने दुसरा माणूस बोलावून कोबा फोडू नका, कितीही वैताग आला तरी. फुटला की पुरावाच गेला. आधी एखाद्या बाहेरच्या सिव्हिल इंजिनिअरकडून फोटोसकट सहीचा रिपोर्ट घ्या, तोपर्यंत गच्चीवर ताडपत्री टाकून दिवस काढा. व्हॉट्सॲप चॅट आजच एक्सपोर्ट करून ठेवा आणि केस संपेपर्यंत तो फोन विकू नका, आयोगात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट मागतात तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.