गोळ्या चालू आहेत, आता सपोर्ट ग्रुपला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे, सांगलीजवळ राहते. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला असताना मला सायकोसिसचा त्रास झाला, कानात आवाज यायचे, वर्गातले सगळे माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं. कॉलेज सुटलं. आता गोळ्यांनी आवाज जवळजवळ बंद झालेत. डॉक्टर म्हणतात, यातून सावरलेल्या मुलामुलींचा ऑनलाइन ग्रुप आहे तिथे बस. आई म्हणते, तिथे सगळे पेशंटच, त्यांचं ऐकून परत डोकं फिरेल, आणि बाहेर कळलं तर लग्नाचं काय? जुन्या मैत्रिणी प्लेसमेंटच्या गप्पा मारतात, त्यांच्याशी काय बोलू कळत नाही. जाऊ का?

उत्तर : जा गं. मैत्रिणींबद्दल तू जे लिहिलंयस ना, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. हा आजार बहुतेकदा ऐन कॉलेजच्या नाहीतर पहिल्या नोकरीच्या वयातच गाठतो, म्हणजे आवाज थांबले तरी सुटलेलं वर्ष, गोळ्यांनी वाढलेलं वजन, सकाळी उघडतच नाहीत असे डोळे हे सगळं शिल्लक राहतं, आणि फॉलोअपच्या दहा मिनिटांत यातलं काय काय बोलणार? इंटरव्ह्यूत गॅपबद्दल काय सांगायचं, गोळीची वेळ बदलून मिळेल का हे डॉक्टरांना कसं विचारायचं, हॉस्टेलवर रूममेटला सांगायचं की नाही, हे त्याच वाटेने गेलेला तुझ्या वयाचा कोणीतरीच नीट सांगू शकतो.

आपल्याकडे हे नवीन नाहीये. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच कितीतरी जण पुढे दुसऱ्यांना सावरायला उभे राहिले. स्किझोफ्रेनिया, म्हणजे असेच आवाज आणि संशय येणारा आजार, त्यासाठी काम करणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पण पुण्याचीच, घरात पत्नीचा आजार बघितलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये काढलेली, तिथे घरच्यांसाठीही ग्रुप आहे. आईला हे सांग. तिच्यावर चिडू नकोस, त्या सगळ्या रात्री तिनेही काढल्यात आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याचं ऐकून हा आजार होत नाही. तो उलटतो तो बहुतेकदा गोळ्या मधेच सोडल्या, झोप गेली, नशा केली, खूप ताण आला की. कोणाचं ऐकून तुला जड झालंच तर मधे उठून जायची मोकळीक चांगल्या ग्रुपमध्ये असतेच. लग्नाचं म्हणशील तर वेळ येईल तेव्हा समोरच्याला खरं सांगायचं, पण त्या भीतीने आत्ता घरात कोंडून बसू नको.

फक्त ग्रुप पारखून घे. चालवणारा ट्रेनिंग घेतलेला आहे का, तिथलं बोलणं तिथेच राहतं का, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तर चालतं का हे आधीच विचार. कोणी म्हणालं गोळ्या बंद कर, मी अमुक चूर्णाने बरा झालो, आणि चालवणाऱ्याने त्याला थांबवलं नाही, तर तिथून निघायचं. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अशा ग्रुपच्या व्हॉट्सॲपची, कारण रात्री दोनला कोणीतरी ‘मला जगायचं नाहीये’ असं टाकतं आणि तुझ्यासारखी हळवी मुलगी पहाटेपर्यंत एकटी त्याला समजावत बसते, झोप जाते ती तुझी. मेसेज दिसला तर सोडून देऊ नको, लगेच ग्रुप चालवणाऱ्याला फोन लाव आणि मेसेज टाकणाऱ्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. बाकीचं ओझं तुझं नाही. तुझे स्वतःचे आवाज परत आले तर मात्र आधी डॉक्टर, ग्रुप नंतर.

पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होईल, तरी दोन-तीनदा बसून बघ. आणि ऑनलाइन नाहीच जमलं तर डॉक्टरांनाच विचार, तुमच्याकडे माझ्या वयाचे अजून कोण येतात, त्यांना महिन्यातून एकदा क्लिनिकमध्ये समुपदेशकासोबत बसवाल का? चार जण जमले तरी पुष्कळ. कॉलेजला परत जायचं मनात असेल तर तुझी युनिव्हर्सिटी कोणती आणि किती सेमिस्टर झालेत ते कळव, त्याबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहिते.