प्रबंधासोबत धोरणाचं प्रमाणपत्र : सांगलीहून एक पत्र

विश्रामबाग, सांगली

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पीएच.डी. चालू असताना विज्ञान आणि पर्यावरण धोरणाचं प्रमाणपत्र करावं का, असं विचारतेस. गाइड म्हणतात, आधी प्रबंध पूर्ण कर. माझं मत विचारशील तर कर. पण दुसऱ्या वर्षात कर, आणि तुझ्या प्रबंधाच्या विषयावरच, क्षारपड जमिनीवरच कर.

माझ्या पीएच.डी.च्या वेळची गोष्ट सांगतो. क्षारपड, म्हणजे मीठ साचून बिघडलेल्या जमिनीचे नमुने घेत मी पलूस-वाळव्याकडं हिंडत होतो. फेब्रुवारीतली सकाळ होती. एका शेतकऱ्यानं सरीतलं ढेकूळ उचललं, तळहातावर फोडलं आणि वरचा पांढरा पापुद्रा नखानं खरवडून मला दाखवला. म्हणाला, "सर, मीठ फुटलंय ते मला दिसतंय. तुमचं मशीन काय सांगतंय?" मी सांगितलं, विद्युतवाहकता, म्हणजे मातीतले क्षार मोजायचं माप, मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, तुमची त्याच्याही पुढं गेलीय, निचरा करायला पाहिजे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "निचऱ्याचं पाणी काढू कुणाच्या रानातनं?"

त्याचं रान आणि ओढा यांच्यामध्ये भावकीतल्या दोघांची रानं होती. जमिनीखालून सच्छिद्र पाईप घालायचे, तर मुख्य पाईप त्यांच्या बांधाखालून न्यावा लागणार. आणि पुढं ओढा वाहता पाहिजे. तो ओढा अर्धा बुजवून त्यात ऊस उभा होता. माझ्या एकाही तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. नंतर त्या नमुन्यांचा अहवाल मी एका कार्यालयात दिला. वर्षानं गेलो तर तो त्याच गठ्ठ्यात, तसाच बांधलेला. तेव्हा फार राग आला. पुढं कधीतरी तो पुन्हा वाचताना लक्षात आलं, की कुणी काय करायचं हे मी त्यात कुठंच लिहिलं नव्हतं. ती सल अजून आहे, म्हणून तुला एवढं लिहितोय.

तुझा प्रबंध सांगेल की काळ्या भारी जमिनीत पाणी जास्त झालं, भूजल वर आलं, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार मागं राहिले. बरोबरच आहे. पण शेतकरी पाणी जास्त का देतो? उपसा योजनेची पाळी पुन्हा कधी येईल याची खात्री नसते, म्हणून आली की रान भरून घेतो. पाणीपट्टी बऱ्याच ठिकाणी एकरावर असते, पाणी मोजून नसते. मीटर नसलेल्या पंपाची वीज-आकारणी अश्वशक्तीवर होते, मग मोटर दोन तास चालली काय नि दहा तास चालली काय. उसाला केंद्र सरकारनं ठरवलेला एफआरपी, म्हणजे रास्त किमान दर आहे, तसा आधार दुसऱ्या पिकाला सहज मिळत नाही. म्हणजे जमिनीतल्या मिठाचं मूळ शोधत गेलीस, तर तू दरपत्रकापर्यंत आणि कायद्यापर्यंत पोचतेस. २००५ मध्ये महाराष्ट्रानं दोन कायदे केले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देण्याचा. पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यावं, हा विचार त्यात आहे. मृदाशास्त्राच्या कोर्सवर्कमध्ये हे तुला कुणी शिकवणार नाही. धोरणाच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये विज्ञानाच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या जोडीला असं प्रमाणपत्र घेता येतं. तशी बांधीव सोय आपल्याकडं क्वचित, म्हणून जुळवाजुळव तुलाच करावी लागेल. स्वयम्-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन मंचावर ४, ८ आणि १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. पर्यावरण कायद्याचे पदव्युत्तर डिप्लोमे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात दूरशिक्षणानं करता येतात. पण डिप्लोमाचा भार तुझ्या प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात बसेल असं मला वाटत नाही. छोट्यापासून सुरुवात कर.

नियमांचं एक सांभाळ. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायची मुभा दिली, पण पीएच.डी.ला त्यातून वगळलं आहे. तेव्हा नाव घालण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढं विषय मांड आणि परवानगी लेखी घे. फेलोशिपच्या अटीही वाच. पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं, शेवटचं लिखाणात, म्हणून दुसरं वर्ष म्हटलं. गाइडना "मला धोरणात रस आहे" असं मोघम सांगू नकोस. "प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा यातून तयार होईल" असं सांग आणि तसंच करून दाखव. त्यांची काळजी खोटी नाही. भरकटलेली मुलं त्यांनी पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत.

प्रमाणपत्रासाठी जो निबंध लिहिशील, तो चार पानांत बसव. काय करायचं, कोणत्या कलमाखाली, कुणी, पैसा कुठून आणि त्यात कुणाचं नुकसान होणार, एवढं त्यात असू दे. नुकसानीचा भाग लोक टाळतात. ओढा मोकळा करायचा तर कुणाचा तरी ऊस जाणार, आणि ते न लिहिता दिलेली शिफारस गावात एक दिवस टिकत नाही. सरावासाठी वडनेरे समितीचा अहवाल वाच. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्यानंतर नेमलेल्या या समितीनं पुराचं मुख्य खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडलं नाही, आणि त्यावर आपल्याकडं अजून वाद होतात. आकडा कुठं संपतो आणि शिफारस कुठं सुरू होते, तिथं पेन्सिलनं खूण करत जा.

आणि तो निबंध मराठीतही लिही. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासण्याच्या, अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा तो इतर भारतीय भाषांतही द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. अशा मसुद्यावर हरकत घ्यायला साधारण ६० दिवस मिळतात. ज्याच्या रानाचा प्रश्न आहे त्याला मसुदाच वाचता आला नाही, तर तो हरकत कशी घेणार? 'एक्स्चेंजेबल सोडियम'ला, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला, पलूसच्या माणसाला कळेल असं काय म्हणायचं, यावर तू चार दिवस घालवलेस तरी ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

येत्या रविवारी ये. नमुन्यांच्या जागा दाखवणारा तुझा नकाशा आण, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मिळाली तर तीही आण. ओढा कागदावर कुठून जातो आणि आज कुठं उरलाय, ते आपण काठानं चालत बघू. गमबूट घालून ये, खालच्या अंगाला चिखल असतो.

तुझा,
सर