सर्व्हे करणाऱ्यानेच दिलेला ‘क्लिअर’चा दाखला पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ गोदाम बांधायचंय, पायलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब म्हणजे पाइल घालणं) आहे, सर्व्हे कंपनीने जमिनीत न फुटलेला बॉम्ब नसल्याचा दाखला दिलाय, मग थर्ड पार्टी, म्हणजे त्या कंपनीशी संबंध नसलेल्या तिऱ्हाईताच्या तपासणीवर पैसे घालावेत का?

घालावेत. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. एखादा न फुटता रुतला असण्याची शक्यता कमी, पण ती कागदावर खोडता येत नाही.

आधी दाखल्यात दोन आकडे शोधा: किती खोलीपर्यंत आणि किती लहान वस्तूपर्यंत शोधलं. ते नसतील तर तो कागद फायलीत लावण्यापुरता. खोली कुठल्या पातळीपासून मोजली तेही बघा. १९६१नंतर दोन मीटर भर पडली असेल, तर तेव्हाची जमीन आज दोन मीटर खाली आहे. आणि असा सर्व्हे बॉम्बच्या लोखंडाचा चुंबकीय संकेत शोधतो; अंतर दुप्पट झालं की तो आठव्या हिश्शावर येतो.

गोव्यात खरी गोची जांभ्याची. त्यातली काही लोहखनिजं स्वतःच चुंबकीय असतात, त्यामुळे मॅग्नेटोमीटरच्या (हा संकेत मोजणाऱ्या उपकरणाच्या) नकाशावर जिकडेतिकडे ठिपके उमटतात. वैतागून कोणीतरी डेटाची गाळणी (फिल्टर) कडक करतो. नकाशा देखणा होतो, पण लहान बॉम्बही त्याच गाळणीत अडकून नकाशाबाहेर राहतो. म्हणून तपासणाऱ्याने रंगीत पीडीएफवर न भागवता कच्चा डेटा मागावा, आणि ‘काही नाही’ म्हणून सोडलेले काही ठिपके प्रत्यक्ष तपासून घ्यावेत.

सगळ्यात बोलकी चाचणी वेगळीच. अपेक्षित बॉम्बच्या आकाराचे लोखंडी पाइपचे तुकडे तपासणाऱ्याने कंपनीला न सांगता पुरावेत (खड्डा घेण्याआधी ती जागाही डिटेक्टरने बघूनच), त्यांची नेमकी जागा मोजून नोंदवावी, आणि तो पट्टा पुन्हा मोजायला लावावा. एक जरी तुकडा सुटला तरी कारण सापडेपर्यंत त्या दिवसाचं सगळं काम नापास.

पाइलच्या जागी वरून केलेला सर्व्हे पुरत नाही. बोअरमध्ये मॅग्नेटोमीटर सोडायचा, केसिंग (बोअरच्या आतली नळी) पीव्हीसीचं. लोखंडी केसिंगने उपकरण आंधळं होतं. मागच्या रीडिंगने जेवढं पुढचं मोकळं दाखवलं, तेवढंच पुढे ड्रिल.

तपासणाऱ्याची फी मालकाने थेट द्यावी, आणि पुढचं सफाईचं काम त्याला मिळणार नाही हे करारात लिहावं.

जेसीबीच्या बकेटमध्ये गंजलेलं काही आलंच, तर बकेट रिकामी करायची नाही. इंजिन बंद, माणसं लांब, ११२.