एवढे कॅमेरे आणि एवढी माणसं असताना क्रूझवरून प्रवासी गायब कसा होतो, आणि नंतर सापडत का नाही?

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. माणूस समुद्रात जातो. बहुतेक वेळा रात्री जातो आणि जहाज पुढे निघून जातं. कॅमेरे असतात, पण ते चित्रण साठवतात. चोवीस तास शेकडो पडद्यांपुढे डोळे लावून कुणी बसलेलं नसतं. आधी माणूस नाहीसा झाल्याचं कुणीतरी सांगावं लागतं, मग चित्रण मागे नेऊन बघितलं जातं. १८ नॉटने चालणारं जहाज तासाला ३३ किलोमीटर पुढे जातं. आठ तासांनी शोध सुरू झाला तर हिशेब तुम्हीच करा, आणि त्यात प्रवाह आणि वारा धरा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. प्रवासी नाही हे जहाजावर सगळ्यात आधी कळतं ते कॅबिन स्टीवर्डला, म्हणजे कॅबिन आवरणाऱ्या माणसाला. कॅप्टनला नाही, सिक्युरिटीला नाही, रिसेप्शनला तर अजिबात नाही. कोण किती वाजता उठतो, कोण उशी कुठे ठेवतो, कोण औषधाची डबी नेहमी कुठे ठेवतो, हे आम्हाला माहीत असतं. मी वेंगुर्ल्याकडचा. तरुणपणी बरीच वर्षं अमेरिकन प्रवाशांच्या जहाजांवर हेच काम केलं. लोक म्हणतात, बिछाने घालणाऱ्याला काय कळतंय? बिछाना बघूनच कळतं.

२००४ साली ऑगस्टमध्ये अलास्काला जाणाऱ्या ‘मर्क्युरी’ जहाजावरून एक बाई नाहीशी झाल्या. त्यांच्या स्टीवर्डने दुसऱ्याच दिवशी वरिष्ठाला सांगितलं की बिछाना वापरलेला नाही. पुढचे दिवसही सांगत राहिला. त्याला उत्तर मिळालं की तू तुझं काम कर. सफर संपली, बाईंचं सामान आवरून ठेवलं गेलं, आणि घरच्यांना कुणी कळवलंसुद्धा नाही. वडिलांनी, केंडल कार्व्हर यांनी, स्वतः माग काढला तेव्हा हे सगळं बाहेर आलं. पुढे त्यांनी क्रूझवरच्या पीडितांच्या कुटुंबांची संघटना उभी केली, अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष दिली, आणि २०१० चा क्रूझ सुरक्षेचा कायदा होण्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. त्या स्टीवर्डचं नाव कुणाच्या लक्षात नाही. मला मात्र तो माणूस फार जवळचा वाटतो.

कारण तो कायदा होण्याआधी, त्याच सुमाराच्या वर्षांत, माझ्या सेक्शनमध्येही असंच घडलं.

सत्तरीपुढचे गृहस्थ होते, एकटेच आलेले. बाल्कनीची कॅबिन. स्वतःचा पायजमा घडी करून खुर्चीवर ठेवणारे, मला रोज ‘गुड मॉर्निंग’ माझ्या आधी म्हणणारे. शेवटचं बंदर मेक्सिकोतलं कोझुमेल. तिथून संध्याकाळी निघालो, मध्ये एक पूर्ण दिवस समुद्र आणि परवाच्या सकाळी फ्लोरिडा, असा कार्यक्रम. रात्री टर्नडाउनला मी त्यांचा बिछाना उघडला, उशीवर चॉकलेट ठेवलं. सकाळी नऊच्या सुमारास दार वाजवलं, उत्तर नाही. किल्ली लावली तर दार उघडेना. हे ज्यांनी जहाजावर काम केलंय त्यांना लगेच कळेल: बाल्कनीचं दार उघडं राहिलं की वाऱ्याच्या दाबाने कॅबिनचं दार जड होतं. खांदा लावून आत गेलो. चॉकलेट उशीवर तसंच. चादर तशीच. चष्मा दिव्याखाली. पायजमा खुर्चीवर, घडी न मोडलेला. बाल्कनीचं दार हातभर उघडं.

तेवढ्यावर मला कळलं. मी काही हात लावला नाही, खाली जाऊन सुपरवायझरला सांगितलं, आणि माझ्या कॅबिनच्या यादीवर त्या नंबरासमोर वेळ लिहिली. नऊ वाजून दहा मिनिटं.

तो म्हणाला, रात्री कॅसिनोत असेल, कुठे कुणाच्या कॅबिनमध्ये झोपला असेल, सुट्टीवर आलाय माणूस. तुझी बाकीची कॅबिनं बघ. मी म्हटलं, चष्म्याशिवाय? तो म्हणाला, काम.

साडेअकराला परत सांगितलं. तेव्हा तो चिडला. जेवणाच्या वेळी मी क्रू मेसमध्ये गँगवेवर, म्हणजे जहाजात चढण्या-उतरण्याच्या वाटेवर, ड्यूटी करणाऱ्या एका नेपाळी सिक्युरिटी गार्डाला गाठलं. ओळखीचा होता. त्याने बघून सांगितलं की कोझुमेलला त्यांचं कार्ड (जहाजात येता-जाताना दाखवायचं आणि कॅबिनचं दार उघडायचं, दोन्हीसाठी तेच) दुपारी आत आल्याची नोंद आहे. म्हणजे बंदरावर राहिले हा प्रश्नच नव्हता. मग मी सुपरवायझरला ओलांडून थेट सिक्युरिटी ऑफिसात गेलो. तसं करायचं नसतं. जहाजावर उतरंड असते आणि ती मोडली की पुढचं कॉन्ट्रॅक्ट धोक्यात येतं, हे पहिल्या आठवड्यात कळलेलं असतं. तिथेही आधी बसवून ठेवलं. शेवटी एकाने दाराचं लॉक वाचलं. त्या लॉकमध्ये कोणत्या कार्डाने दार कधी उघडलं ते साठलेलं असतं. त्यांचं कार्ड रात्री पावणेअकराला लागलेलं. त्यानंतर थेट माझी मास्टर की.

तरी लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मग कॅबिन कॅबिन तपासणं, लाइफबोटी बघणं, कोस्ट गार्डला कळवणं, सगळं रीतसर झालं. मी सांगितल्यापासून आठ तास गेल्यावर. त्या आठ तासांत आम्ही आणखी अडीचशे किलोमीटर पुढे आलो होतो.

ते कधीच सापडले नाहीत. काय झालं ते मला माहीत नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. बाल्कनीचा कठडा कमरेच्या वर येतो. २०१० च्या कायद्याने तो किमान ४२ इंच लागतो. चालता चालता घसरून कुणी पलीकडे जात नाही. चढावं लागतं, फार वाकावं लागतं किंवा कुणीतरी ढकलावं लागतं. यातलं कोणतं घडलं हे ठरवायचं तर पुरावा ताजा असताना ठरतं. बाहेरचे तपास करणारे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, फ्लोरिडात. त्यांच्याबरोबर त्या गृहस्थांचा मुलगाही आला. वडिलांच्या वस्तू बॅगेत भरताना सिक्युरिटीसमोर त्याने मला विचारलं, तुम्हाला कधी कळलं? आम्हाला आधी बजावलेलं होतं की बोलायचं नाही, कंपनी बोलेल. मी त्याला नऊ वाजून दहा मिनिटं सांगितलं. सुपरवायझरच्या अहवालात स्टीवर्डने दुपारी चारला कळवल्याचं होतं, हे मला तिथेच कळलं. माझी यादी मी तपास करणाऱ्यांच्या हातात दिली.

पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं नाही. मुंबईच्या एजंटने नुसतं ‘जागा नाही’ म्हटलं.

तुमचा प्रश्न वाचून इतकं लिहितोय त्याचं कारण माझे थोरले बंधू. तेही बोटीवरच होते, डायनिंगला. त्यांचं मत तेव्हापासून एकच: आपला काम बरा आणि आपण बरो. तो म्हातारा रात्रीच गेला होता, तू सकाळी ओरडलास नि दुपारी ओरडलास त्याने काय झालं? घराचा हप्ता थकला तेवढाच. दर चतुर्थीला गणपतीसमोर पाट मांडून बसलो की हा विषय निघतोच. आणि गावातल्या माणसांना दादांचंच पटतं, कारण हप्ता सगळ्यांना दिसतो.

दादा, हे वाचत असाल तर नीट वाचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये क्रोएशियाजवळ एड्रियाटिक समुद्रात एक ब्रिटिश बाई क्रूझवरून पडल्या आणि दहा तासांनी जिवंत सापडल्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कार्निव्हल व्हॅलर’ जहाज न्यू ऑर्लिन्सहून कोझुमेलला निघालं होतं. त्यावरचा अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण रात्री नाहीसा झाला. बहीण बरोबर होती, तिने दुसऱ्या दिवशी कळवलं. लगेच शोध सुरू झाला, आणि पंधरा तासांहून अधिक पाण्यात राहिलेल्या त्या मुलाला कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरने जिवंत उचललं. ते मेक्सिकोचंच आखात, तेच कोमट पाणी. आमचे गृहस्थ पावणेअकरानंतर कधी गेले ते कुणाला ठाऊक? पहाटे पाचला गेले असतील तर मी सांगितलं तेव्हा चार तास झाले होते. म्हातारा माणूस, चष्मा नाही, कबूल. पण शोधायचंच नाही हे ठरवण्याचा हक्क सुपरवायझरला कुणी दिला होता?

उशिरा हालचाल ही जुनी गोष्ट आहे. १९९८ च्या मार्चमध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाला पोहोचणाऱ्या ‘रॅप्सडी ऑफ द सीज’वरून तेवीस वर्षांची एमी ब्रॅडली पहाटे नाहीशी झाली. घरच्यांनी विनवलं, कुणाला उतरू देऊ नका. प्रवासी उतरले. आजवर तिचा पत्ता नाही, आणि त्यावर मानवी तस्करीपासून काय वाटेल त्या कथा लोक रचत बसलेत. २०११ साली ‘डिस्ने वंडर’वरची रिबेका कोरियम ही कर्मचारी मुलगी मेक्सिकोजवळ नाहीशी झाली, तर तपासाला आला बहामाचा एक पोलीस अधिकारी. कारण जहाज बहामाच्या झेंड्याखाली नोंदवलेलं, म्हणून कायदा बहामाचा. प्रवासी अमेरिकन, कर्मचारी कोकणातला, समुद्र कुणाचाच नाही आणि झेंडा तिसऱ्याच देशाचा. हे तुमच्या ‘सापडत का नाही’चं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं पैशाचं. अमेरिकेत खोल समुद्रातल्या मृत्यूबद्दल १९२० चा एक कायदा आहे. त्यानुसार किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे मृत्यू झाला तर नातेवाइकांना फक्त आर्थिक नुकसान मागता येतं. निवृत्त माणसाच्या मृत्यूने कुणाचं उत्पन्न बुडतं? म्हणजे म्हाताऱ्याचा जीव कंपनीला सगळ्यात स्वस्त पडतो. हे मी कडवटपणे नाही, कायदा वाचून म्हणतोय.

माणूस पडताच आपोआप अलार्म देणारी यंत्रणा आता आहे, उष्णता ओळखणारे कॅमेरे आणि रडार वापरणारी. २०१० च्या कायद्यात तिचा उल्लेख आहे, पण ‘तंत्रज्ञान उपलब्ध असेल तितपत’ ही पळवाट ठेवून. २०२३ च्या जुलैअखेर सिंगापूरच्या सामुद्रधुनीत एक भारतीय बाई जहाजावरून पडल्या तेव्हा जहाजाच्या यंत्रणेने काहीतरी पडल्याची सूचना दिली होती. त्या वाचल्या नाहीत, पण घरच्यांना चित्रण बघायला मिळालं, निदान कळलं. माझ्या मते ही यंत्रणा नसलेल्या जहाजाला बंदर सोडूच देऊ नये.

तुमच्या घरचं कुणी जहाजावर दिसेनासं झालं तर रिसेप्शनच्या रांगेत उभे राहू नका. कॅबिनच्या फोनवरचा इमर्जन्सी नंबर फिरवा, ‘माणूस बेपत्ता आहे, पाण्यात गेला असू शकतो’ हे याच शब्दांत सांगा, वेळ नोंदवून घ्यायला लावा आणि दाराच्या लॉकची नोंद व कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवायला सांगा. मग तुमच्या स्टीवर्डला बोलवा आणि विचारा, बिछाना कसा होता. तो घाबरेल. त्याला घाबरू देऊ नका.

हेही सांगायला हवं की दरवर्षी लाखो लोक क्रूझवर जातात आणि सुखरूप परत येतात. मला चांगले सुपरवायझरही भेटले. मी काम सोडून बरीच वर्षं झाली, आता कायदा कडक आहे, अमेरिकन प्रवासी बेपत्ता झाला तर एफबीआयला कळवणं बंधनकारक आहे. आई-वडिलांना पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा.

दादांचा धाकटा मुलगा या मोसमात हाउसकीपिंगला साइन ऑन करतोय. त्याला मी दादांच्या देखत सांगितलंय की खिशात पेन ठेव, वापरलेला नाही असा बिछाना दिसला तर कॅबिन नंबर आणि वेळ लिही, आणि सुपरवायझर ‘काम कर’ म्हणाला तर सरळ ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, फोन लाव. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर घरी ये, हप्ता मी भरीन. दादा त्यावर काही बोलले नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतोय.